पंख्याचे चाळीस सेकंद

१

नलिनीताईंचा स्वभाव संशयी, हे नाहूरच्या त्या अख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं, आणि नलिनीताईंना त्याचं काडीचंही काही वाटत नसे. गॅसचा खटका तीनदा बघायचा. कुलूप लावून वर दोनदा ओढायचं. रिक्षावाल्याने सांगितलेला रस्ता कधीच मान्य करायचा नाही. विक्रोळीच्या एका कंपनीत त्यांनी अठ्ठावीस वर्षं कॉम्प्युटर रूम सांभाळली होती. रोज साडेपाचला दिवसभराचं काम टेपवर उतरवायचं, मग तीच टेप पुन्हा पहिल्यापासून वाचून मूळ कामाशी ताडून बघायची, मग लेबल लावून कपाटात. ताडून बघायच्या वेळी बाकीचे चहाला सटकायचे. नलिनीताई मात्र स्टुलावर बसून राहायच्या. “लिहिलं म्हणजे राहिलं असं थोडंच आहे?” म्हणायच्या. “वाचून बघा आधी.”

तर अशा बाईच्या घरच्या कॉम्प्युटरची दुसरी डिस्क एके दिवशी टकटक करायला लागली, म्हणजे बघा काय झालं असेल! कारण त्या डिस्कवर वीस वर्षांचे फोटो होते, ते सोडा. तिच्यावर सात मिनिटं बारा सेकंदांचं एक रेकॉर्डिंग होतं आणि ते दुसरीकडे कुठेही उरलेलं नव्हतं.

ते त्यांच्या नवऱ्याचं, काशीरामचं गाऱ्हाणं होतं. काशीराम मालवणकडचा. दर चतुर्थीला गणपतीसमोर हात जोडून उभा राहायचा आणि घरच्या सगळ्यांसाठी देवाकडे मागायचा, अस्सल मालवणीत, खर्जातल्या आवाजात. प्रत्येक मागणीला मागे उभ्या मंडळींनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, त्याशिवाय मागणं देवाला पोचत नाही. शेवटच्या वर्षी मुलाने, नितेशने, ते फोनवर रेकॉर्ड केलं. चार महिन्यांनी काशीराम गेला. तेव्हापासून दर चतुर्थीला कॉम्प्युटरचे स्पीकर हॉलमध्ये आणून ते रेकॉर्डिंग लावायचं आणि मागे उभं राहून व्हय म्हणायचं, अशी या घराची रीतच पडून गेली होती. गावच्या जाऊबाई मालन फोनवर एकदा म्हणाल्यासुद्धा, “गो, गाऱ्हाणां जित्या माणसान घालूचा असता.” नलिनीताई फटकन म्हणाल्या, “जित्यांना येतंय कुठे?” ते खरंच होतं. नितेशला मालवणी अर्धीमुर्धी कळायची, बोलायला तर मुळीच यायची नाही.

नितेशचा तो फोन चोरीला गेला होता. पेनड्राइव्हवरची प्रत नातीने, श्रुतिकाने, शाळेच्या प्रोजेक्टसाठी पुसून टाकली होती. आणि चतुर्थी बारा दिवसांवर आली होती.

“आई, क्लाउडवर टाक ना यार,” नितेश म्हणाला. “पाच मिनिटांचं काम.”

“दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवू तुझ्या बापाला? मी टेप आणणार.”

“टेप? घरात? अगं, म्युझियममध्ये असतात त्या!”

“असू देत,” त्या म्हणाल्या आणि पिशवी घेऊन बाहेर पडल्या.

२

लॉरेन्स अंधेरीला मरोळच्या गावठाणात राहायचा. पूर्वी कंपनीच्या मशिनी दुरुस्त करायला यायचा, आता घरातल्याच पुढच्या खोलीत जुनं सामान विकायचा. नलिनीताईंना बघून त्याने स्टूल पुसून दिलं.

“मॅडम! टेप ड्राइव्ह? घरच्या पीसीला? झकास! आजकाल कोण मागतं!”

टेबलावर त्याने तीन ड्राइव्ह मांडले. आतमध्ये टेपचं डबडं सरकवायचं आणि मागची केबल कॉम्प्युटरमधल्या कार्डाला जोडायची, एवढाच तो प्रकार. तिन्ही विटेएवढे, तिन्ही जुन्या ऑफिसांतून निघालेले. पहिला चकचकीत होता. लॉरेन्स त्याचीच तारीफ करत सुटला. नलिनीताईंनी टेप घातली, लिहायला लावलं आणि डोळे मिटून त्याच्यावर हात ठेवला. आत टेप कशी पळते ते त्यांना तळहाताला कळायचं.

“पट्टा घसरतोय,” त्या म्हणाल्या. “दुसरा.”

दुसऱ्याने लिहिलं, पण वाचताना तीनदा अडखळला. तिसरा करड्या रंगाचा होता, कोपऱ्यावर टवका उडालेला. त्याचा आवाज मात्र ऐकत राहावा असा होता, एकसारखा, कुठे अडखळ नाही की कुरकुर नाही. लिहून झालं, वाचून झालं, ताडून झालं. फरक शून्य.

“हा द्या.”

“तो नको मॅडम.” लॉरेन्स केबल गुंडाळायला लागला. “दोन गिऱ्हाइकं परत देऊन गेली.”

“का? वाचत नाही?”

“वाचतो की. जास्त वाचतो म्हणाले.”

“म्हणजे?”

“मला काय म्हाईत? एक डबिंगवाला होता. बोलला, आम्ही घातलं त्याच्यापेक्षा जास्त येतंय बाहेर. मी चेक केला. मला तर बरोबर दिसला. पण तू हा पहिला घे ना. पट्टा मी बदलून देतो.”

नलिनीताईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. नको म्हणतोय, म्हणजे चांगला असणार. कोण्या बड्या गिऱ्हाइकासाठी बाजूला काढून ठेवला असणार आणि टवक्याकडे बोट दाखवून आपल्या गळ्यात भलताच मारतोय. अठ्ठावीस वर्षं असले विक्रेते पाहिलेत! कमी वाचणारे ड्राइव्ह त्यांनी ढिगाने पाहिले होते, जास्त वाचणारा कधी ऐकलाही नव्हता.

“हाच द्या,” त्या म्हणाल्या. “आणि तीन कोऱ्या टेप. सीलबंद, माझ्यासमोर फोडायच्या.”

लॉरेन्सने खांदे उडवले आणि ड्राइव्ह वर्तमानपत्रात गुंडाळला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी नितेशने कार्ड बसवून दिलं. नलिनीताईंनी तीन टेपांवर लेबलं चिकटवली: आजोबा, बाप, मुलगा. कॉम्प्युटर रूममधली ही जुनीच पद्धत. आजोबा महिन्यातून एकदा भरायचा, बाप आठवड्याला, मुलगा रोज. एक दगावला तर दुसरा असतो.

“आणि मुलगी?” श्रुतिकाने विचारलं. सातवीत होती, जिभेला हाड नव्हतं.

“मुली शहाण्या असतात, त्यांना कपाटात बसवत नाहीत.”

मग नितेश आणि त्याची बायको जान्हवी कामाला गेली, श्रुतिका शाळेत. घर शांत झालं. नलिनीताईंनी आजोबा आत सरकवला आणि दुसऱ्या डिस्कवरचं सगळं टेपवर उतरवायला लावलं. मग स्टूल ओढून बसल्या. सर्रर्र असा एकसुरी आवाज सुरू झाला. खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, जिन्यात पेपरवाल्याशी कुणीतरी भांडलं. लिहून झालं आणि पडताळणी सुरू झाली.

आणि मध्येच ड्राइव्ह अडकला.

सर्र, टक. सर्र, टक. टेप थोडी पुढे जायची, थांबायची, मागे यायची, पुन्हा पुढे. हे काही त्यांना नवीन नव्हतं. कॉम्प्युटर हळू पडला की टेपला थांबून थांबून चालावं लागतं. डिस्क आजारी, ती वेळेवर देत नसेल. त्यांनी पडद्यावर बघितलं. अडकला होता तो गाऱ्हाण्याच्या फाइलवरच.

तिथेच डिस्क खराब झाली असेल तर? त्या उठून उभ्या राहिल्या आणि ड्राइव्हवर हात ठेवला. सर्र, टक. सर्र, टक. घाई नाही की धडपड नाही. दारात उभं राहून कुणीतरी ते उघडायची वाट बघावी, तसा तो पुढे-मागे होत राहिला. साधारण चाळीस सेकंदांनी सुटला आणि टेप पुढे पळाली. शेवटी टेप गुंडाळल्याचा लांब आवाज यायला हवा होता आणि खट्कन डबडं बाहेर यायला हवं होतं. काम पुरं झालं की ड्राइव्ह तसंच करतो. ते झालं नाही. त्यांनाच बटण दाबून टेप काढावी लागली.

पडद्यावर मात्र लिहिलं होतं: फरक शून्य.

त्यांनी डबड्याचा छोटा लाल खटका सरकवून टेप कुलूपबंद केली. आता तिच्यावर कुणी नवीन काही लिहू शकत नव्हतं. दोन दिवसांनी बाप भरला, त्यानंतर मुलगा. दोन्ही वेळा ड्राइव्ह त्याच जागी अडकला आणि दोन्ही वेळा फरक शून्यच आला. आणि मुलगा बाहेर काढला त्याच दुपारी डिस्कची टकटक बंद पडली. कायमची. मूळ प्रत गेली. आता काशीराम होता तो फक्त तीन डबड्यांत.

४

फरक शून्य असो नाहीतर काही असो, स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय नलिनीताई मानणाऱ्या नव्हत्या. सोमवारी दुपारी त्यांनी आजोबा लावला, त्यातून गाऱ्हाणं परत काढलं आणि स्पीकर चालू केला.

“बा देवा म्हाराजा...”

डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. दर वर्षी येतं. “आज ह्या तुझ्या लेकरांनी जी काय वेडीवाकडी सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा.” मागून सगळे: व्हय म्हाराजा! त्यात शेजारच्या नानांचा आवाज सगळ्यांच्या वर. “कामधंद्याक जो भायर पडता, तेका सुखरूप घराक आण रे म्हाराजा.” व्हय म्हाराजा! “कोणाच्या हातसून काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा.” व्हय म्हाराजा!

इथे गाऱ्हाणं संपायचं. त्यापुढे चाळीस सेकंद नुसता पंख्याचा आवाज होता. काशीरामला दम लागला होता, तो हात जोडून तसाच उभा होता आणि बाकीचे तो आणखी काही म्हणतोय का म्हणून थांबले होते. मग छोटी श्रुतिका फिसकन हसली होती आणि रेकॉर्डिंग बंद. नलिनीताईंना ते पंख्याचे चाळीस सेकंदसुद्धा पाठ होते.

पंखा सुरू झाला. आणि पंख्याच्या आतून काशीराम म्हणाला,

“माका हंय गमना नाय रे म्हाराजा.”

मागून कुणी व्हय म्हटलं नाही. पंखा चालू राहिला. मग श्रुतिका हसली.

नलिनीताईंनी ते पुन्हा लावलं, पुन्हा तेच. सात मिनिटं बारा सेकंद. लांबी तेवढीच, एक सेकंद जास्त नाही.

माझंच लक्ष गेलं नसेल, त्यांनी स्वतःला समजावलं. दर वर्षी आपण रडत असतो, तोवर आरतीची गडबड सुरू झालेली असते. नीट आठवलं तर त्या चाळीस सेकंदांत काशीरामचे ओठ हलत होते. हो, हलत होते. तेव्हा आवाज फुटला नसेल, फोनने मात्र पकडला असेल. आणि ‘गमना नाय’ तर ते जन्मभर म्हणत आले, या मुंबईत माझं मन रमत नाही, मला गावाला ने. हंय म्हणजे नाहूरला. आणखी काय?

एवढं सगळं समजावूनही त्यांनी स्पीकरची पिन काढून ठेवली.

५

मंगळवारी त्या मुलुंडला मखराचं सामान आणायला गेल्या. नितेशचं त्या दिवशी घरूनच काम होतं. दुपारी येऊन बघतात तर कॉम्प्युटर गरम. नलिनीताईंनी नोंदी उघडल्या. मुलगा नावाच्या टेपवरून एक फाइल परत काढली गेली होती, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. फाइल गाऱ्हाण्याचीच.

आता मात्र त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतच होतं! हल्ली कॉम्प्युटरवर कुणाचाही आवाज तयार करता येतो म्हणे. पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग द्या, हवं ते वदवून घ्या. नितेशने बापाच्या तोंडी ते वाक्य घातलं असणार. कशासाठी? गंमत म्हणून? की गावी जमीन आहे तिच्यासाठी, ‘बाबांचीच इच्छा होती’ म्हणायला? पोटच्या पोराबद्दल असं मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली, पण आलं ते आलं.

“टेपला हात लावलास?” त्यांनी जेवताना विचारलं.

“मी? छे गं,” नितेश म्हणाला आणि ताटात बघू लागला.

लहानपणापासून खोटं बोलताना तो ताटातच बघायचा.

त्यानंतर त्या डोळ्यांत तेल घालून बसल्या. नितेशच्या कानांत सारखे इअरफोन. आंघोळीला गेला की आतून पुटपुटल्याचा आवाज, दार वाजवलं की बंद. बुधवारी त्या खोलीत गेल्या तर आरशासमोर उभा होता, चटकन केस विंचरायला लागला. जान्हवीला विचारलं तर ती हसून म्हणाली, “मला काही माहीत नाही हं आई,” म्हणजे तिला सगळं माहीत होतं. नलिनीताईंना आपल्याच घरात पाहुणीसारखं वाटायला लागलं.

गुरुवारी घरात कुणी नसताना त्यांनी बाप लावला. लाल खटका बंद होता. भरल्यापासून त्या टेपला त्यांच्याशिवाय कुणी शिवलेलं नव्हतं, कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला होती. फक्त मुलगा तेवढा रोजचा म्हणून टेबलावर असायचा. बापात नितेशची लबाडी असणं शक्य नव्हतं.

पंखा सुरू झाला.

“माका हंय गमना नाय रे म्हाराजा. एकट्यान किती रवतलंय?”

आजोबात एक वाक्य होतं, बापात दोन झाली. एकट्याने किती राहू, विचारत होता तो. नलिनीताईंनी मुलगाही लावला. ताडून बघितल्याशिवाय सोडायचं नाही, ही सवय. पंखा सुरू झाला. या वेळी आवाज अगदी स्वच्छ होता. धाप नाही की आजार नाही.

“माका हंय गमना नाय रे म्हाराजा. एकट्यान किती रवतलंय? ह्याच घरातला एक माणूस माझ्या सोबतीक धाड रे म्हाराजा.”

आणि मग काशीराम थांबला. मागच्यांनी व्हय म्हणावं म्हणून माणूस थांबतो ना, तेवढंच. नलिनीताईंचं तोंड उघडलं होतं. पस्तीस वर्षांची सवय ती! त्यांनी दोन्ही हातांनी आपलं तोंड गच्च दाबून धरलं. स्पीकरमधून श्रुतिका हसली.

६

त्यांनी लॉरेन्सला फोन लावला.

“बोललो होतो मी मॅडम,” तो म्हणाला. “परत पाठव. मी येतो घ्यायला. टेप पण दे.”

“टेप कशाला?”

“तो डबिंगवाला पण टेप ठेवून घेत होता. मी जबरदस्तीने आणली.”

“का?”

“त्याच्या बाजूला त्याची बायको रडत होती, एवढं म्हाईत. मी विचारलं नाही. तू पण नको विचारू.”

“टेपवर माझा नवरा आहे लॉरेन्स,” नलिनीताई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

मग त्या बसल्या आणि रडल्या. पुसायच्या तर तिन्ही पुसायला हव्यात, आणि मग जगात काशीरामचा आवाज कुठेच उरत नाही. चार वर्षं त्या एका आवाजावर काढली होती त्यांनी. आणि आवाज ठेवला, तर परवा चतुर्थीला सगळं घर हात जोडून उभं राहील, काशीराम मागेल आणि सगळे व्हय म्हणतील. नाना तर सगळ्यात मोठ्याने.

“अहो, इतके एकटे पडलात का हो तिकडे?” त्या टेपांकडे बघून म्हणाल्या. आणि लगेच, “पण माझी पोरं नाही देणार मी. समजलं?”

लाल खटके उघडून तीन टेपा पुसायला त्यांना दुपार पुरली. तिन्ही वेळा पडद्यावर ‘टेप रिकामी’ असं आलं आणि तिन्ही वेळा त्यांनी ते वाचून खात्री केली. कॉम्प्युटरवर परत काढलेल्या प्रतीही काढून टाकल्या. मग शेवटची टेप आतच राहू देऊन ड्राइव्हची वायर काढली, केबल काढली, त्याला जुन्या चादरीत गुंडाळला आणि पलंगाखाली ढकलला.

रात्री जेवताना त्यांनी सांगून टाकलं, “टेपा खराब निघाल्या. या वर्षी बाबांचं गाऱ्हाणं नाही.”

श्रुतिकाचा चेहरा पडला. नितेशचा पडला नाही. त्याने जान्हवीकडे बघितलं आणि दोघं हसल्यासारखी झाली.

“असू दे आई,” तो म्हणाला. “बघू काहीतरी.”

७

चतुर्थीला अकरा वाजेपर्यंत पूजा आटोपली. हॉलमध्ये मखर, समोर नितेश, जान्हवी, श्रुतिका आणि शेजारचे नाना. नानांनी सवयीने विचारलं, “स्पीकर लावला नाही अजून?”

“स्पीकर नको आज,” नितेश म्हणाला. त्याने काशीरामचं उपरणं खांद्यावर घेतलं, मूर्तीसमोर उभा राहिला आणि हात जोडले. घसा खाकरला.

“बा देवा म्हाराजा...”

नलिनीताईंना क्षणभर काही कळेना. मग कळलं आणि त्या भिंतीला टेकल्या. आवाज नितेशचा होता, पण थांबणं बापाचं, हेल बापाचे, श्वास घ्यायची जागासुद्धा बापाचीच. म्हणजे ते पुटपुटणं हे होतं! आरसा, इअरफोन, ताटात बघणं, सगळं हे! पोरगं चार दिवस बापाचं गाऱ्हाणं पाठ करत होतं आणि आपण काय काय विचार केले त्याच्याबद्दल! त्यांचा ऊर भरून आला.

“...ती गोड मानून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” नाना गरजले. सगळ्यांबरोबर नलिनीताईही म्हणाल्या, रडत रडत.

“कामधंद्याक जो भायर पडता, तेका सुखरूप घराक आण रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

किती छान म्हणतोय, त्यांना वाटलं. बघा हो, जित्या माणसाला आलं शेवटी. आणि मग त्यांना आठवलं, की नितेशने फाइल काढली होती ती मुलगा नावाच्या टेपवरून.

“कोणाच्या हातसून काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“नितेश, बास,” नलिनीताई म्हणाल्या, पण नानांच्या आवाजात ते कुणाला ऐकूच गेलं नाही. नितेश थांबला होता. हात जोडून, मान खाली घालून, बाप थांबला होता तसाच. डोक्यावर पंखा फिरत होता. आता मोठ्याने ओरडायचं, त्याचं तोंड दाबायचं. नलिनीताई एक पाऊल पुढे सरकल्या.

आतल्या खोलीतून आवाज आला. सर्र, टक. सर्र, टक.

पलंगाखालून येत होता. त्याची वायर त्यांनी स्वतः काढली होती, गुंडाळून कपाटात ठेवली होती. नलिनीताईंचा पाय तिथेच थिजला आणि घशातून आवाज फुटेना. दुसऱ्या कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

“माका हंय गमना नाय रे म्हाराजा,” नितेश म्हणाला. एकेक शब्द घोटून पाठ केलेला. “एकट्यान किती रवतलंय? ह्याच घरातला एक माणूस माझ्या सोबतीक धाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

नाना म्हणाले, जान्हवी म्हणाली, श्रुतिका टाळी वाजवून म्हणाली. आणि नलिनीताईंनी स्वतःचाही आवाज ऐकला. पस्तीस वर्षांची सवय. त्यांच्या मागे भिंतीपाशी कुणीही उभं नव्हतं, तरी तिथून, सगळ्यांचं झाल्यावर, खर्जात, आणखी एकदा आलं: व्हय म्हाराजा.

आतली सर्र-टक थांबली. टेप गुंडाळल्याचा एक लांब, सुरेख, कुठेही न अडखळणारा आवाज आला आणि शेवटी खट्कन डबडं बाहेर पडलं.

नितेश वळला. त्याचा चेहरा घामाने आणि आनंदाने चमकत होता. “कसं झालं गं आई? ती शेवटची ओळ दर वर्षी पंख्यात बुडत असणार, अर्थ मला नीट कळला नाही, पण जशीच्या तशी पाठ केली.”

नलिनीताईंनी त्याला बाजूला सारलं. मूर्तीसमोर गेल्या आणि हात जोडले. त्यांना मालवणीत असं कधी मागावं लागलं नव्हतं, ते काम काशीरामचं होतं.

“म्हाराजा,” त्या म्हणाल्या, “सोबतीक मी जातंय. माका धाड. माझ्या पोरांका हंयच ठेव रे म्हाराजा.”

आणि डोळे मिटून थांबल्या. कुणीतरी म्हणेल. सवयीने तरी म्हणेल.

पंखा फिरत राहिला. नाना नैवेद्याच्या ताटाकडे वळले होते. जान्हवी जवळ येऊन हळूच म्हणाली, “आई, काय होतंय? बसता का जरा?” नितेश हसत हसत कापूर पेटवत होता.

“व्हय म्हणा रे,” नलिनीताई म्हणाल्या. “कोणीतरी व्हय म्हणा.”

पण तोवर श्रुतिकाने झांज वाजवायला सुरुवात केली होती.